आडनाव कोणी मागितलं?

‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो? टक्कल, मिश्कील डोळे आणि श्रेयनामावलीत नुसतं ‘डेव्हिड’. या नटाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं वडिलांचं, तिसरं अलिबागजवळच्या चौल गावाचं. पहिली दोन नावं ज्यू घरात गेली दोन-अडीच हजार वर्षं चालत आलेली. तिसरं मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर पडल्यावर लागणारं. जगभरच्या ज्यू आडनावांचं कोडं सोडवायला हा फरक ध्यानात ठेवणं पुरेसं आहे.

ज्यू आडनावांच्या अर्थांच्या याद्या भरपूर मिळतात. गोल्डबर्ग म्हणजे सोन्याचा डोंगर, रोझेनथाल म्हणजे गुलाबांचं खोरं, रुबिनश्टाइन म्हणजे माणिक. वाचायला मजा येते, पण हाती फारसं काही लागत नाही, कारण त्या गोल्डबर्गाच्या घराण्याशी ना सोन्याचा संबंध ना डोंगराचा. आडनाव कुठल्या सालात, कुणाच्या वहीत आणि कशासाठी चढलं, हे कळलं तरच ते बोलू लागतं. बहुतेक वेळा ते विचारणारा घरातला नव्हता.

घरात आडनावाची गरजच नव्हती. मुलाचं नाव ‘अमुक बेन तमुक’, मुलीचं ‘अमुक बात तमुक’. बेन म्हणजे मुलगा, बात म्हणजे मुलगी. सिनेगॉगमध्ये तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावतात ते याच नावानं, लग्नाच्या करारात म्हणजे केतुबात हेच लिहितात आणि थडग्यावरही हेच कोरतात. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मात्र बापाऐवजी आईचं नाव घेतात. ही व्यवस्था आजही चालू आहे. पासपोर्टावर काहीही असो, धर्मकार्यात आडनावाला कुणी विचारत नाही.

याला अपवाद दोन कुळांचा. जेरुसलेमच्या मंदिरातले पुरोहित ते कोहेन आणि त्यांचे मदतनीस ते लेवी. मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, तरी हा वारसा बापाकडून मुलाकडे येत राहिला. जुन्या कब्रस्तानात कोहेनच्या दगडावर आशीर्वादासाठी उचललेले दोन पंजे कोरलेले असतात आणि लेवीच्या दगडावर पाण्याची झारी, कारण कोहेनच्या हातांवर पाणी घालण्याचा मान लेवीचा. हे मूळचे दर्जे. पुढे आडनावं लावायची वेळ आली तेव्हा तयार मिळाली ती हीच. मग देश आणि जीभ बदलेल तशी ती बदलली: कोहेन, कोन, काह्न. रशियनमध्ये ‘ह’ नसल्यामुळे तिथे कोगान आणि कागान. काट्झ ऐकून जर्मन माणसाला मांजर आठवते, पण ते ‘कोहेन त्सेदेक’ म्हणजे ‘न्यायी पुरोहित’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचं लघुरूप आहे. सेगलही तसंच, लेवींच्या एका उपाधीचं लघुरूप. अर्थ लावणाऱ्यानं अशा जागी सांभाळून पाऊल टाकावं. काट्झेनएलेनबोगेन या रब्बायांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मातब्बर घराण्याचं नाव जर्मनमध्ये ‘मांजरीचं कोपर’ असं वाचता येतं; प्रत्यक्षात ते जर्मनीतल्या एका गावाचं नाव आहे.

ज्यांचा वावर अरबी आणि लॅटिन जगात होता, त्यांना आडनावं लवकर लागली. स्पेन, इटली, उत्तर आफ्रिका इथल्या ज्यूंची आडनावं मध्ययुगापासूनची आहेत. तोलेदोचे ते तोलेदानो, मोदिल्याना गावचे ते मोदिल्यानी. मोंतेफिओरे हेही इटलीतल्या गावाचंच नाव. कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बगदादेत वेगळी चाल होती. तिथे बापाचं किंवा आजोबाचं नाव मागे लागे. दाऊद ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. ‘ससून’ हे त्यांच्या वडिलांचं नाव, हिब्रूत अर्थ आनंद. मुंबईच्या व्यापारी जगात ते नाव पेढीचं झालं, पेढीवरून घराण्याचं आणि मग गोदीचं, वाचनालयाचं, पुण्यातल्या रुग्णालयाचं. आज ‘ससूनला अ‍ॅडमिट केलंय’ म्हणणाऱ्या पुणेकराच्या गावीही नसतं की तो बगदादच्या एका गृहस्थाचं पाळण्यातलं नाव घेतोय.

आता गोव्याकडे वळू, कारण इथे एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे. १४९२ मध्ये स्पेननं ज्यूंना हाकललं. पुष्कळजण पोर्तुगालात गेले आणि १४९७ मध्ये तिथे त्यांचा सरसकट बाप्तिस्मा झाला. हे ‘नवे ख्रिस्ती’. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना नवी नावं मिळाली: परैरा, पिंटो, कोस्टा, मेंडिस, कार्डोझो. पुढे त्यातले काही अ‍ॅमस्टरडॅमला पोचले, उघडपणे पुन्हा ज्यू झाले आणि ही पोर्तुगीज नावं तशीच लावत राहिले. त्यावरून कुणीतरी नियम काढला की झाडाझुडपांची पोर्तुगीज आडनावं, म्हणजे परैरा (नासपतीचं झाड), ऑलिव्हेरा (ऑलिव्ह), कार्व्हाल्यो (ओक), ही सगळी मूळची ज्यू. हा नियम खोटा आहे. ही पोर्तुगालातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांचीही अगदी सर्रास आडनावं होती आणि नव्या ख्रिस्त्यांनी ती उचलली ती नेमकी याच कारणानं, की त्यांवरून कुणाला काही कळू नये. गोव्यात बाप्तिस्मा झालेल्या गावकऱ्यांनाही धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळालं. त्यामुळे साष्टीतल्या परैरांचा पूर्वज कोण होता हे ‘परैरा’ या शब्दातून निघत नाही. त्या दिवशी बाप्तिस्म्याच्या वेळी शेजारी कोण उभं होतं एवढंच फार तर निघतं.

आडनाव झाकून ठेवतं, पण शेवटपर्यंत वाचवत नाही, याचं उदाहरणही गोव्यातच आहे. गार्सिया दा ओर्ता हा नव्या ख्रिस्ती घरातला वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. १५६८ मध्ये तो प्रतिष्ठित माणूस म्हणून वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

स्पेन आणि पोर्तुगालनं गेल्या दशकात या निर्वासितांच्या वंशजांना नागरिकत्व देणारे कायदे केले, तेव्हा ‘ज्यू आडनावां’च्या याद्या जगभर फिरल्या. आपलं आडनाव यादीत आहे म्हणजे पासपोर्ट मिळाला, असं समजून लोक खूश झाले. आडनाव हा फार तर धागा. पुरावा लागतो तो कागदांचा.

मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची, म्हणजे अश्केनाझींची, गोष्ट निराळी. १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांतल्या बहुसंख्यांना आडनाव नव्हतं. जी थोडी जुनी होती ती रब्बायांच्या घराण्यांची, बहुतेक गावांवरून: होरोविट्झ बोहेमियातल्या होर्झोवित्सेचे, श्पीरा किंवा शापिरो ऱ्हाइनकाठच्या श्पायरचे, हाल्पेर्न हाइलब्रॉनचे. हेच होरोविट्झ रशियात गेले की गुरेविच. किंवा मग फ्रँकफर्टच्या ज्यू आळीतली. त्या चिंचोळ्या गल्लीत घरांवर पाट्या टांगलेल्या असत, आणि घरावरून कुटुंब ओळखलं जाई. कुणाच्या पाटीवर गरुड, कुणाच्या जहाज, कुणाच्या हंस. रोथशिल्ड म्हणजे लाल पाटीवाले. गंमत अशी की १७व्या शतकात ते कुटुंब त्याच आळीतल्या दुसऱ्या घरात राहायला गेलं, पण लोकांच्या तोंडातून लाल पाटी काही सुटली नाही.

मग सरकारं जागी झाली. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानं २३ जुलै १७८७ रोजी फर्मान काढलं: १ जानेवारी १७८८ पासून प्रत्येक ज्यू कुटुंबानं कायमचं, जर्मन धाटणीचं आडनाव लावावं. त्याच्या मनात सुधारणा होती असं म्हणतात, आणि थोडी होतीही. पण त्याच १७८८ सालात ज्यूंची लष्करभरतीही सुरू झाली, हे विसरता येत नाही. दर पिढीला बदलणारं नाव करवसुली आणि भरती या दोन्ही खात्यांना डोकेदुखी असतं. नेपोलियननं जुलै १८०८ मध्ये तसाच हुकूम दिला. नव्यानं घ्यायचं आडनाव जुन्या करारातलं किंवा शहराचं नसावं, अशी अटही घातली. प्रशियानं १८१२ मध्ये नागरिकत्वाच्या बदल्यात आडनाव मागितलं. रशियानं १८०४ मध्ये कायदा केला आणि लोक मनावर घेईनात म्हणून १८३५ मध्ये पुन्हा बजावलं.

या घाईत आडनावं कशी सुचली? बापाचं नाव सगळ्यांत सोपं. कार्ल मार्क्सचे आजोबा ट्रियरचे रब्बाय, मार्क्स लेवी. ‘मार्क्स’ हे त्यांचं मोर्देखाय या हिब्रू नावाचं चालू रूप, तेच नातवाला आडनाव म्हणून मिळालं. धंदा हाताशी होताच. एकट्या शिंप्याचीच किती रूपं पाहा: जर्मन श्नायडर, पोलिश क्राव्हिएत्स, रशियन पोर्टनॉय आणि हिब्रूवरून आलेलं खाइट. विधीप्रमाणे जनावर कापणारा तो शेख्टर किंवा रेझ्निक, पोथ्या लिहिणारा सोफेर, सिनेगॉगात गाणारा खझान किंवा कांटोर, दारू गाळणारा ब्रॉनफमान. बायबलात याकोब मरताना मुलांना आशीर्वाद देतो तेव्हा यहुदाला सिंह म्हणतो, नफतालीला हरिणी आणि बेंजामिनला लांडगा. म्हणून ल्योवे, हिर्श आणि वोल्फ ही आडनावं अरण्यातून न येता पोथीतून आली आहेत. काफ्का म्हणजे चेक भाषेत डोमकावळ्याच्या जातीचा पक्षी. फ्रान्झ काफ्काच्या वडिलांचं प्रागमध्ये दुकान होतं, त्याच्या चिन्हात हा पक्षी होता.

रशियन साम्राज्यातली एक तऱ्हा मला सगळ्यांत वेधक वाटते: आईच्या नावावरची आडनावं. रिव्हकावरून रिव्हकिन, सारावरून सोर्किन, द्वोरावरून द्वोर्किन, त्साइटलवरून त्साइटलिन. आजच्या बेलारूसमधल्या मोगिल्योव प्रांतात अशी आडनावं फार होती. ज्यू बायका बाजारात बसायच्या, नवरे पोथ्या वाचायचे, म्हणून घर बाईच्या नावानं ओळखलं जाई, असा खुलासा नेहमी केला जातो. त्यात तथ्य असेलही, पण तो सगळीकडे लागू पडत नाही, कारण बायका दुकानं तर सगळ्याच प्रांतांत चालवत होत्या. अलेक्झांडर बायडर या संशोधकानं रशियन साम्राज्यातल्या ज्यू आडनावांचा जाडजूड कोश १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसतं की आडनावांचे प्रकार जिल्ह्याजिल्ह्यानं बदलतात. रशियात नावनोंदणीचं काम ज्यू पंचायतीकडे होतं. इथल्या पंचांनी आयांची नावं घेतली, पलीकडच्या जिल्ह्यातल्या पंचांनी गावांना ‘स्की’ लावून काम उरकलं. एकदा साचा ठरला की यादी भराभर पुरी होते. आपल्याकडच्या तलाठी कार्यालयात बसून आलेल्या कुणालाही हे पटेल.

ऑस्ट्रियाच्या ताब्यातला गॅलिशिया प्रांत आणि पोलंड इथे शोभेच्या आडनावांचा महापूर आला तोही याच घाईतून. डावीकडे रोझेन, गोल्ड, झिल्बर, पेर्ल. उजवीकडे बेर्ग, थाल, बाउम, श्टाइन. जोड्या लावत जायचं, आणि हजारो कुटुंबांना पुरतील एवढी नावं तयार. याच्याभोवती एक कथा रचली गेली: अधिकारी लाच खात, पैसेवाल्याला फुलं आणि रत्नं मिळाली, बेताच्या माणसाला धातू, गरिबाला जनावरं, आणि ज्यानं काहीच दिलं नाही त्याला शिवी. ती लोकप्रिय करण्यात गॅलिशियातला लेखक कार्ल एमिल फ्रान्झोस याचा मोठा वाटा आहे. त्यानं ते लिहिलं १८८० मध्ये, म्हणजे फर्मानानंतर नव्वदेक वर्षांनी, आणि त्याचा हात मूळचा कथाकाराचा. हिणवणारी आडनावं गॅलिशियात नव्हती असं नाही. पण फुलांची आणि सोन्याची आडनावं लावणारे फाटके संसार इतके होते की लाचेच्या दरपत्रकाला आधार उरत नाही. एटीए हॉफमान हा अद्भुतकथांचा लेखक १८०४ ते १८०६ वॉर्सात प्रशियाचा सरकारी नोकर होता. त्यानं लहर लागेल तशी ज्यूंना नावं वाटली, अशीही दंतकथा आहे. ती खरी असती तर मला आवडलं असतं.

कोकणात यांतलं काहीच घडलं नाही. इथले ज्यू म्हणजे बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत नवगावपाशी फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. आगरी-कोळ्यांच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हेही बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्यांच्यात कोहेन आणि लेवी हे भेद राहिले नव्हते, त्यामुळे जगभर सर्वांत जास्त आढळणारी ही दोन आडनावं इथे नाहीत. आडनाव आलं ते गावावरून: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, राजपूरकर, शापूरकर. अशी शंभराहून अधिक आहेत. परंपरेनुसार डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशानं या लोकांना धर्माचरण पुन्हा शिकवलं आणि तीन घराण्यांतून काजी निवडले; ती घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशी सांगतात. पुरोहितपद गेलं होतं, पण काजीपदाचा मान आता गावच्या नावाला चिकटला.

हा ‘कर’ सगळ्यांनी सारखा वापरला नाही. पेणमध्येच राहणाऱ्याला कुणी पेणकर म्हणत नाही; ती गरज गाव सुटल्यावरची. मुंबईला कंपनीच्या पलटणीत, गोदीत, कचेरीत माणसं आली आणि ‘कुठला?’ हा प्रश्न रोजचा झाला. सामाजी हासाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. समाजाच्या बोलीत ‘जुनी मशीद’. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हासाजी म्हणजे इझिकेल. पहिली दोन नावं बायबलमधली पण ‘जी’ लावून पार मराठी झालेली, आणि तिसरं आपल्या ओळखीचं. दिवेकर हिंदूंतही आहेत, पेणकरही आहेत. आडनावावरून धर्म कळायची सोयच नव्हती आणि कोकणात तशी कुणाला गरजही पडली नसावी. पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि वारं उलटं फिरलं. जी घरच्या घरी सामाजी, हासाजी होती ती नावं सॅम्युएल, इझिकेल अशी लिहिली जाऊ लागली, आणि पुष्कळांनी गाव गाळून वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनावाच्या जागी ठेवलं. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे घराण्यानं राजपूरकर. महालक्ष्मीच्या रस्त्याच्या पाटीवर मात्र फक्त ‘डॉ. ई. मोझेस’. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी गाव राखलं. डॉ. जेरुशा झिराड यांनी ‘कर’ टाकून नुसतं गाव ठेवलं. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल यांनी तर किहीमकर अशी सही केली आणि ग्रंथात पूर्वजांच्या गावांचा माग काढला.

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण तिथली कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि ती खरी नाही. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्या ज्यूंची नावं तिथल्या कारकुनांनी मोडून-तोडून टाकली, असं घरोघर सांगतात. त्या बेटावर नावं लिहीतच नव्हते. जहाज सुटतानाच युरोपच्या बंदरात प्रवाशांची यादी तयार होई, आणि बेटावरचे अधिकारी ती समोर ठेवून फक्त पडताळत. ज्यूंची यिडिश भाषा जाणणारे दुभाषेही तिथे होते. नावं बदलली ती नंतर, लोकांनी स्वतः, न्यायालयात अर्ज करून. कर्स्टन फर्माग्लिक या इतिहासकार बाईंनी न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयातले असे अर्ज तपासून २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. कॉलेजप्रवेशाच्या आणि नोकरीच्या अर्जावर रोझेनबर्ग दिसलं की दार बंद, म्हणून घरंच्या घरं रोझ किंवा रॉस झाली. नातवंडांना हे सांगण्यापेक्षा दोष कारकुनावर ढकलणं सोपं गेलं असावं.

आडनावावरून ज्यू ओळखता येतो, हा भ्रम असणाऱ्यांनी नाझींची पंचाईत आठवावी. त्यांचा तत्त्वज्ञ म्हणवणारा आल्फ्रेड रोझेनबर्ग हा ज्यू नव्हता. जर्मन ज्यूंची आडनावं जर्मनच होती, मग खूण कशी करायची? १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकमानं ‘ज्यू’ वाटणाऱ्या पहिल्या नावांची यादी काढली आणि ज्यांचं नाव तीत नाही त्या प्रत्येक पुरुषानं ‘इस्रायल’ आणि प्रत्येक बाईनं ‘सारा’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावावं असं ठरवलं. दीडशे वर्षांपूर्वी जर्मन आडनावं घ्यायला लावून जे वेगळेपण पुसायचं होतं, ते आता पहिल्या नावात कोंबण्यात आलं.

इस्रायल झाल्यावर विचारणारं सरकार ज्यूंचंच होतं, पण सवय तीच. पोलंडमधून आलेला डेव्हिड ग्र्यून आधीच बेन-गुरियन झाला होता. पंतप्रधान झाल्यावर त्यानं परदेशी जाणाऱ्या राजदूतांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना हिब्रू आडनाव घ्यायला लावलं. गोल्डा मेयर्सनच्या १९५६ मध्ये गोल्डा मेइर झाल्या. श्कोल्निकचे एश्कोल झाले, म्हणजे द्राक्षाचा घोस. पेर्स्की यांना नेगेवच्या वाळवंटात एक मोठं गिधाड दिसलं, त्याचं हिब्रू नाव घेऊन ते पेरेस झाले. या लाटेत कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलांपैकी काहींनी ‘कर’ सोडला, पण बरेचजण तो लावत राहिले. अश्दोद, रामला, दिमोना इथे पेणकर आणि किहीमकर भेटतात, आणि त्यांचं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

तिथे या ‘कर’चा जाच झाला तो लग्न नोंदवताना. १९६२ मध्ये मुख्य रब्बायांच्या कार्यालयानं फतवा काढला की बेने इस्रायल वर किंवा वधू असेल तर आई, आजी, पणजी अशी मागची चौकशी करावी. ज्यांच्या नावामागे कोकणातलं गाव होतं, त्यांना आपण कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. कार्यालयानं फतव्यातून ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि त्या जागी ‘ज्यांच्या कुळाबद्दल शंका असेल असे’ एवढं ठेवलं.